डोळे बघणारे नाना

परवा आमच्या धुळ्यातल्या एका हॉस्पिटलात पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन चाललं होतं. सर्जन तरुण, हाताला चपळ, मोठ्या शहरात शिकून आलेला. दुर्बिणीनं पडद्यावर सगळं छान दिसत होतं. त्यानं क्लिप लावायला हत्यार पुढं नेलं आणि मी एकदम "थांबा" म्हणाले.

मी भूल देणारी बाई. रोग्याच्या उशाशी बसायचं, श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळायचा आणि सर्जनच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम. तो चमकून माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, काही नाही, फक्त हात बाजूला घ्या आणि पिशवीकडं जाणाऱ्या नळ्या मोजा. त्यानं मोजल्या. दोन निघाल्या. मग ठीक आहे, चालू द्या.

बाहेर चहा घेताना तो जरा चिडूनच म्हणाला, मॅडम, हे कुठून शिकलात? मी नानांचं नाव सांगितलं. त्यानं ते कधी ऐकलेलं नव्हतं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण मला राग आला तो आलाच. नानांना जाऊन अजून सात महिने नाही झाले. त्या रागातून हे लिहायला बसले आहे.

डॉ. मोतीराम बागुल या नावानं त्यांना फक्त टपाल यायचं. बाकी सगळ्यांचे ते नाना. शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहान गावातून आलेले, ठेंगणे, टोपीतून बाहेर डोकावणारे मोठे कान. ऑपरेशनला उभं राहण्याआधी ते एक केळं खायचे, साल स्वतः कचऱ्यात टाकायचे आणि हात धुवायला जायचे ते इतका वेळ, की मी उशाशी बसून वैतागायची. इतर सर्जन ऑपरेशनच्या वेळी गाणी लावतात, गप्पा मारतात. नानांच्या खोलीत मशीनचा टिकटिक आवाज तेवढा ऐकू यायचा.

आणि ते "थांबा" म्हणायचे. पिशवीचं ऑपरेशन असलं, की काहीही कापायच्या आधी थांबा. दोन्ही हात हिरव्या कापडावर ठेवायचे आणि खोलीतल्या एकेकाला विचारायचे, काय दिसतंय? पहिली पाळी निर्मलाअक्काची. अक्का आमची सिस्टर, नानांची ट्रॉली बावीस वर्षं सांभाळणारी. पहिलं तिलाच का, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, तुम्ही पुस्तकात पाहिलेलं सांगता, अक्का समोर दिसतं ते सांगते. मग मी, मग असिस्टंट, सगळ्यात शेवटी ते स्वतः. पिशवीकडं दोनच गोष्टी जाताना दिसायला हव्यात, एक तिची नळी आणि एक रक्तवाहिनी. तिसरं काही दिसलं किंवा नीट दिसलंच नाही, तर कात्री हातात घ्यायची नाही.

रोग्यांना ते हे शेतातल्या भाषेत सांगायचे. लिव्हर म्हणजे विहीर. पित्त तिथं तयार होतं. पिशवी म्हणजे मधला हौद, पित्त साठवायचा. खडे झाले, हौद पाडला, तरी विहीर चालूच राहते, चार महिने पोट कुरकुर करेल आणि मग शरीर शिकून घेईल. पण हौद पाडताना विहिरीची मुख्य पाइपलाइन तुटली, तर पाणी मागं तुंबतं आणि वर्षानुवर्षांनी विहीरच खराब होते. पित्तनळीची शस्त्रक्रिया कॉलेजात शिकवणाऱ्यांनाही मी इतकं सोपं करून सांगताना ऐकलेलं नाही.

टाके निघाले, की बहुतेक सर्जनचा रोग्यातला रस संपतो. नानांचा तिथून सुरू व्हायचा. सकाळी व्हरांड्यात फेऱ्या मारत ते जुन्या रोग्यांना फोन करायचे. चार वर्षांपूर्वीचे, सहा वर्षांपूर्वीचे. "भरीत पचस का?" हा पहिला प्रश्न, कारण आमच्याकडं भरतावर तेलाची धार धरतात आणि पिशवी काढलेल्या माणसाची ती खरी परीक्षा. मग लघवीचा रंग, मग अंगाला खाज येते का, मग थंडी वाजून ताप येतो का. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला एक ड्रायव्हर एकदा वैतागून म्हणाला होता, नाना, माझं पोट मी कधीच विसरलो, तुम्ही कशाला लक्षात ठेवता? आम्ही सगळे त्यावर खूप हसलो. नाना हसले नाहीत. त्याचं कारण आम्हाला माहीत होतं, आणि माहीत असून आम्ही हसलो.

कारण होतं अमळनेरच्या सुमनताई.

चौदा वर्षं झाली त्याला. सुमनताई शिवणकाम करायच्या. मुलगी वैशाली तेव्हा बारावीत. पिशवीत खडे, अगदी साधी केस. त्या दिवशी भूल मीच दिली होती. तेव्हा नाना "थांबा" म्हणत नसत. आणि मला दुपारी आणखी एका हॉस्पिटलात पोचायचं होतं. मी दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, एकदा मोठा उसासाही टाकला. नाना एरवी इतकं भराभर करत नसत. त्या दिवशी केलं.

आमच्या भागात एक पद्धत आहे. पिशवी काढली, की ती स्टीलच्या ट्रेमध्ये घालून दाराशी नातेवाइकांना दाखवायची. खडे बाटलीत घालून द्यायचे. कितीतरी घरांत ती बाटली टीव्हीच्या शेजारी दिसते. पिशवी दाखवली नाही, तर लोकांना वाटतं ऑपरेशन झालंच नाही. सुमनताईंची पिशवी अक्कानं दाखवली. आख्खी, न फाटलेली, सुबक. त्यांच्या मिस्टरांनी मोबाइलवर फोटो काढला आणि पेढे आणायला माणूस पाठवला.

तिसऱ्या दिवशी सुमनताईंचे डोळे पिवळे झाले. नानांनी मिस्टरांकडून तो फोटो मागून घेतला, बोटांनी मोठा केला आणि पाहत राहिले. पिशवीच्या टोकाला जो नळीचा तुकडा लागून आला होता, तो तिचा नव्हता. ती लिव्हरची मुख्य पित्तनळी होती. आम्ही सगळ्यांनी तो तुकडा ट्रेमध्ये पाहिला होता आणि कोणालाही तो दिसला नव्हता.

नानांनी त्याच घटकेला मिस्टरांना समोर बसवून सांगितलं, की ही माझी चूक. आडवळण नाही, देवावर ढकलणं नाही. अॅम्ब्युलन्समध्ये स्वतः बसून त्यांना मुंबईला घेऊन गेले. तिथं आतड्याचा तुकडा लिव्हरला जोडून नवा रस्ता करून दिला. जीव वाचला. पण असा जोड कधी कधी आतून आवळत जातो, पित्त तुंबतं, ताप येतो, आणि दर तापाला लिव्हर थोडंथोडं झिजतं. सुमनताईंचं तसंच होत गेलं.

माझ्या उसाशाबद्दल नाना एका शब्दानं बोलले नाहीत. त्यानंतर तीन महिने त्यांनी पिशवीच्या ऑपरेशनला हात लावला नाही, आणि लावला तेव्हा "थांबा" सुरू झालं.

दर दोन-तीन महिन्यांनी ते अमळनेरला जायचे. एकदा मी बरोबर गेले. सुमनताईंनी दार उघडलं. नाना आत गेले नाहीत, सुमनताईंनाच ओट्यावर उन्हात उभं केलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली, एक डोळा, मग दुसरा. मग हातांना खाजवल्याच्या खुणा आहेत का ते पाहिलं. मग खाली बघत बूट काढले. चहा ठेवायला गेलेल्या सुमनताईंच्या मागे मी स्वयंपाकघरात गेले, तर त्या सहज म्हणाल्या, "नाना दर वेळेला माझे डोळे बघतात. माझ्या तोंडाकडं त्यांनी अजून एकदाही बघितलेलं नाही." तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र तिथं उभं राहवेना.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी सुमनताई वैशालीला घेऊन नानांच्या दवाखान्यात आल्या. वैशाली शिंदखेड्याला दिलेली. तिच्या पोटात दुखत होतं, ताप होता. तिकडं दहा दिवस इंजेक्शनं घेण्यात गेले होते. सोनोग्राफीत पिशवी खड्यांनी गच्च भरलेली आणि सुजलेली. नानांनी कागद पाहिले आणि सरळ सांगितलं, की हे ऑपरेशन मी करणार नाही, नाशिकला चांगले लोक आहेत, मी चिठ्ठी देतो, स्वतः बरोबर येतो.

सुमनताई म्हणाल्या, "नाना, तिकडचा डॉक्टर हुशार असेल. पण तो तुमच्याइतका घाबरलेला नसेल. मला घाबरलेलाच पाहिजे."

नानांनी कागद खाली ठेवले. मग मला म्हणाले, उद्या सकाळी, पहिली केस.

ती सकाळ मी विसरणार नाही. नाना नेहमीसारखं केळं सोलून बसले आणि न खाता त्यांनी ते ठेवून दिलं. वैशालीला भूल देताना तिनं माझा हात धरला होता. तो सुटल्यावर माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ होते.

दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर पिशवी दिसलीच नाही. चरबी, आतडं, लिव्हर, सगळं एकमेकांना चिकटून एक गोळा झालेला. नाना तो थोडा थोडा सोडवत होते. तासभर झाला. पिशवीचा वरचा भाग मोकळा झाला, पण जिथं नळ्या असतात तिथं दगडासारखं घट्ट. त्यांनी पिशवी जराशी ओढली आणि मशीनचा आवाज बदलला. वैशालीची नाडी झरझर उतरत होती. मी "सोडा" म्हटलं आणि इंजेक्शन दिलं. नाडी वर यायला फार वेळ लागला नसेल, पण त्या वेळात मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"थांबा," नाना म्हणाले. हात हिरव्या कापडावर. "अक्का, काय दिसतंय?"

अक्का म्हणाली, "एक नळी दिसते नाना. ती कुठं जाते ते दिसत नाही."

मला विचारलं. मी म्हटलं, मलाही दिसत नाही. असिस्टंट म्हणाला, सर, पोट उघडू या. नाना म्हणाले, उघडलं तरी हेच चिकटलेलं दिसेल, फक्त जवळून. मग ते माझ्याकडं वळले. मास्कवरून डोळे तेवढे दिसत होते.

"ताई, तुम्हाला कुठं जायचं नाही ना?"

त्या उसाशानंतर अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ते मुद्दाम विचारलं की सहज, हे मला आजही माहीत नाही. मी नाही म्हटलं. घड्याळाकडं मी सकाळपासून बघितलं नव्हतं.

मग नानांनी जे केलं त्याला तेव्हा आमच्या भागात बरेच जण कच्चं काम म्हणत. त्यांनी नळीच्या जागेला हातच लावला नाही. पिशवी वरून उघडली, खडे एकेक करून काढले, पुढची भिंत कापून घेतली, आणि लिव्हरला चिकटलेली मागची भिंत आणि तळाचा घट्ट भाग तसाच ठेवून दिला. आत धुतलं, पित्त बाहेर यायला एक रबरी नळी ठेवली आणि बाहेर आले. पित्तनळी जिथं होती तिथं, न पाहिलेली, पण शाबूत.

आता ट्रे. एरवी तो अक्का न्यायची. त्या दिवशी नानांनी स्वतः उचलला. दाराबाहेर वैशालीच्या सासरची दहा-बारा माणसं, दोघा-तिघांचे मोबाइल फोटोसाठी तयार. पुढं तिचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, पांढरी टोपी, आवाज भारदस्त. ट्रेमध्ये खडे होते आणि दोन-चार लक्तरं. आबांनी पाहिलं आणि विचारलं, "पिशवी कोठे शे?"

नानांनी सगळं सांगितलं. काय काढलं, काय ठेवलं, का ठेवलं. पुढचे काही दिवस नळीतून पित्त येईल, हेही. राहिलेल्या तुकड्यात पुढं पुन्हा खडे होऊ शकतात, दरवर्षी तपासावं लागेल, हेसुद्धा. इतकं खरं बोलायची गरज नव्हती, मला मागं उभं राहून वाटत होतं, अहो, निम्मं तरी गिळा.

"म्हणजे बठ्ठी काढी नाही," आबा म्हणाले. "अर्धं ऑपरेशन. आमच्या शेजारच्याची आख्खी काढी, आम्ही डोळ्यांनी पाहिली. आत्ता गाडी बोलवा, पोरीला नाशिकला नेऊ." मागची माणसं पुढं सरकली. कोणीतरी नानांच्या हातातल्या ट्रेचाच फोटो काढला.

नाना म्हणाले, "आबा, काढलेलं ट्रेमध्ये दिसतं. वाचवलेलं दाखवायला माझ्याकडं ट्रे नाही."

आबांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. कोणी तरी पायऱ्या उतरून गाडी बघायलाही निघालं. आत वैशाली अजून पुरती शुद्धीवर नव्हती, आणि तिला त्या अवस्थेत गाडीत घालून तीन-चार तास नेलं असतं तर काय झालं असतं, हे मी तरी मनात आणू शकत नव्हते.

तेव्हा बाकावर बसलेल्या सुमनताई उठल्या. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, काही तरी शोधलं आणि आबांच्या पुढं धरला. तो तोच फोटो होता. मिस्टरांच्या फोनमधून त्यांच्या फोनमध्ये, जुन्या फोनमधून नव्या फोनमध्ये, अकरा वर्षं त्यांनी तो सांभाळला होता. मला माहीत नव्हतं. नानांनाही माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आबा, ही मनी पिशवी," सुमनताई म्हणाल्या. "बठ्ठी काढेल शे. आख्खी."

आबांनी फोटो पाहिला. मग त्यांनी मान वर करून विहिणीकडं पाहिलं. दोन दिवस आधीच ती तापातून उठली होती, डोळ्यांत फिकट पिवळेपणा होता, गालफडं बसलेली. तिची दुखणी आबांना ऐकून माहीत होती. त्यांचा त्या फोटोशी संबंध त्यांना तेव्हा लागला. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी परत केला आणि बाकावर बसले. गाडी बघायला गेलेल्याला कोणी तरी हाक मारून परत बोलावलं.

पुढचे आठ दिवस मात्र सगळ्यांचा जीव टांगणीला होता. रबरी नळीतून हिरवट-पिवळं पित्त येत राहिलं. दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी पुन्हा जास्त. नाना दिवसातून पाच-सहा वेळा यायचे, आधी नळीला लावलेली प्लास्टिकची पिशवी उचलून बघायचे, मग वैशालीला खिडकीशी नेऊन पापणी ओढायचे. आबा स्टुलावर बसून तेच बघत. चौथ्या दिवसापासून नळीत किती आलं हे नानांच्या आधी आबाच सांगायला लागले. आठव्या दिवशी ती कोरडी झाली. नानांनी डोळे पाहिले, पांढरे. रक्ताचा रिपोर्ट पाहिला, चांगला. मग ते व्हरांड्यात गेले आणि एकटेच बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले. मी जवळ गेले नाही.

वैशालीच्या तपासण्या दरवर्षी होतात. अजून खडा नाही, लिव्हर उत्तम, भरीत पचतं. विहीर शाबूत आहे.

सुमनताईंची विहीर मात्र हळूहळू गेली. गेल्या वर्षी त्यांना धुळ्याला भरती केलं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. नानांनी तोवर ऑपरेशनं बंद केली होती. हात थरथरायचा, काठी आली होती. ते भेटायला आले तेव्हा मी तिथंच होते, पण मी दाराशीच थांबले. त्या दोघांना एकत्र मी त्या दुपारी शेवटचं पाहिलं, आणि नानांनाही.

नाना कॉटजवळच्या खुर्चीवर बसले. सुमनताईंनी सवयीनं तोंड खिडकीकडं केलं, हनुवटी वर केली आणि स्वतःच बोटानं पापणी खाली ओढून धरली. बघायला काही उरलंच नव्हतं. तो पिवळा रंग मला दारातून दिसत होता. नानांनी त्यांचा हात धरून हळूच खाली आणला.

"डोळे राहू द्या, ताई," ते म्हणाले. "आज तुमले दखाले उनू."

आणि तुम्हाला बघायला आलो म्हणाले तसे ते त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. सरळ, मान खाली न घालता. सुमनताई आधी लाजल्यासारख्या झाल्या, पदर नीट केला. मग त्याही बघत राहिल्या. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

वैशाली चहाचे कप घेऊन आत आली. नानांनी कप घेतला, बाजूच्या टेबलावर ठेवला आणि थरथरता अंगठा वर केला. ती त्यांच्यासमोर वाकली. त्यांनी तिची पापणी ओढून एक डोळा पाहिला, मग दुसरा. मग चहा प्यायले.